शेतातील श्रम, व्यायाम आणि आपले हृदय

(रब्बी शेतकरी मेळाव्यातील आरोग्यविषयक सत्रात एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आज सकाळपासून आपण हरभऱ्याचे वाण, ठिबकमधून द्यावयाची खते आणि हुमणीचा बंदोबस्त यांविषयी ऐकत आहात. आता मी एका पंपाविषयी बोलणार आहे. हा पंप विहिरीवरचा नाही. भारनियमन असो वा नसो, तो रात्रंदिवस चालतो. मात्र तो एकदा बंद पडला, तर मोटार भरणाऱ्याकडे नेऊन पुन्हा चालू करता येत नाही. हा पंप म्हणजे आपले हृदय.

मी पेशाने डॉक्टर असलो तरी घर शेतकऱ्याचेच आहे. दवाखान्यात रक्तदाब मोजल्यावर मी रुग्णाला 'रोज अर्धा तास चालत जा' असे सांगतो. त्यावर ठरलेले उत्तर मिळते, "डॉक्टरसाहेब, आम्ही दिवसभर रानात राबतो. व्यायाम शहरातल्या बसून खाणाऱ्यांनी करावा." माझे थोरले बंधूही मला हेच सांगत असत. या उत्तरात काही अंशी तथ्य आहे आणि काही अंशी धोका आहे. तथ्य किती आणि धोका कोठे, हे आपण पाहू.

हृदयाचा पंप आणि रक्ताचा दाब

प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १०० ठोके देते. सरासरी ७० ठोके धरू. एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर ढकलले जाते. हिशेब केला तर मिनिटाला जवळजवळ ५ लिटर रक्त झाले. आपल्या अंगात एकूण रक्तही साधारण तेवढेच असते. म्हणजे एका मिनिटात सगळे रक्त अंगभर एक फेरी मारून येते. दिवसाचे ठोके होतात एक लाख आणि उपसा होतो सात हजार लिटरचा.

पंप पाणी ढकलतो तेव्हा पाइपाच्या भिंतीवर दाब येतो. तसाच दाब रक्तामुळे धमन्यांच्या भिंतीवर येतो. त्यालाच आपण रक्तदाब किंवा 'बीपी' म्हणतो. हा दाब पहिल्यांदा मोजला गेला तो एका जनावरात. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीत नळी घालून ती काचेच्या उभ्या नळीला जोडली. रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढले. हा प्रयोग त्यांनी १७३३ साली प्रसिद्ध केला. पुढे १८९६ मध्ये इटलीतील रिवा-रोची यांनी दंडाला गुंडाळावयाच्या फुगणाऱ्या पट्ट्याचे यंत्र काढले आणि १९०५ मध्ये रशियातील कोरोत्कोव्ह यांनी छातीनळीने आवाज ऐकून दाब मोजण्याची रीत दाखवली. डॉक्टर आजही त्याच रीतीने दाब मोजतात.

रक्तदाबाचे आकडे दोन असतात. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा वरचा आणि सैल पडते तेव्हाचा खालचा. १२० वर ८० किंवा त्याच्या आसपास हा निरोगी दाब होय. निरनिराळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा ९० किंवा त्याहून अधिक येत असेल, तर उच्च रक्तदाब आहे असे समजावे. या रोगात बहुधा काहीही दुखत नाही. पिकावर रोग दिसतो तेव्हा आपण फवारणी करतो. इथे रोग दिसतच नाही, म्हणून मोजणे हाच एक उपाय आहे.

काम सुरू होताच काय घडते?

आपण स्वस्थ बसलेले असतो तेव्हा मेंदूकडून येणारी एक नस हृदयाला लगाम घालून ठेवते. आपण उठून चालू लागलो की हा लगाम सैल पडतो आणि नाडी वाढते. काम जड झाले की दुसऱ्या नसा हृदयाला चाबूक मारू लागतात, रक्तात अ‍ॅड्रेनलिन उतरते आणि ठोके १०० च्या पुढे जातात. प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्तही वाढते. मिनिटाला ५ लिटरचा उपसा १५ ते २० लिटरपर्यंत जातो.

हे वाढलेले रक्त जाते कोठे? ज्याने दारे धरली आहेत त्याला हे समजावून सांगायला नको. पाटाचे पाणी एका वाफ्याला जोरात हवे असेल, तर आपण त्या वाफ्याचे दार उघडतो आणि बाकीची दारे आवळतो. शरीरही तेच करते. विश्रांतीत स्नायूंना एकूण रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मिळतो. जोराच्या व्यायामात पाचातले चार हिस्से त्यांच्याकडे वळतात. जठर आणि आतड्यांकडचे रक्त कमी होते. भरल्या पोटी जड काम जिवावर येते त्याचे हे एक कारण आहे.

भराभर चालताना, सायकल चालवताना किंवा पोहताना वरचा रक्तदाब वाढतो. तो १६० ते १८० पर्यंत आणि फार जोराच्या व्यायामात २०० पर्यंतही जाऊ शकतो. खालचा दाब मात्र जवळजवळ आहे तेथेच राहतो, कारण स्नायूंतील रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. ही वाढ नैसर्गिक आहे. काम थांबले की दाब उतरतो आणि पुढचे काही तास तो नेहमीपेक्षाही थोडा खाली राहतो. व्यायामाचा हा पहिला लाभ होय.

पोते उचलणे ही वेगळी गोष्ट

आता धान्याचे ५० किलोचे पोते उचलण्याचे पाहू. इथे स्नायू ताणून एकाच जागी घट्ट धरले जातात. त्यांच्यातील रक्तवाहिन्या दाबल्या जातात. शिवाय आपण दम कोंडून जोर लावतो, त्यामुळे छातीतील दाब वाढतो. अशा वेळी वरचा आणि खालचा, दोन्ही दाब एकदम उसळतात. पाइपाचे तोंड हाताने दाबून धरले आणि मोटार चालूच ठेवली तर जे होईल तसे हे आहे.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात १९८५ साली पाच तरुण शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत सूक्ष्म नळी घालून दाब मोजण्यात आला. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना त्यांचा सरासरी दाब ३२० वर २५० इतका चढला. तो काही क्षणांपुरताच होता आणि त्यांच्या रक्तवाहिन्या निरोगी होत्या, म्हणून तो सोसला गेला. पण ज्याचा दाब बसल्या जागीच १७० वर १०० आहे, त्याने दम कोंडून पोती उचलणे म्हणजे झिजलेल्या पाइपावर दाब वाढवणे होय.

राबणे आणि व्यायाम यांत फरक काय?

लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांचा अभ्यास केला. तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा, जिन्यावरून सतत चढ-उतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. शरीराच्या हालचालीचा हृदयाला लाभ होतो, हे दाखवणारा हा गाजलेला अभ्यास आहे.

आता आपल्या शिवाराकडे पाहा. नांगराचे तास आठ इंच रुंदीचे धरले, तर एक एकर नांगरताना बैलांमागे सुमारे वीस किलोमीटर चालणे होते. आज तेच रान ट्रॅक्टर नांगरतो आणि आपण बसून असतो. शेतावर मोटारसायकलने जातो. म्हणजे बसगाडीचा चालक कोण आणि वाहक कोण, हे आपले आपण ठरवावे. 'आम्ही दिवसभर राबतो' हे वाक्य वडिलांच्या काळी जेवढे खरे होते तेवढे आज प्रत्येकाच्या बाबतीत खरे राहिलेले नाही.

दुसरी बाजूही आहे. जे खरोखर दिवसभर राबतात त्यांचे काय? डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे एक लाखाहून अधिक लोकांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. फुरसतीच्या वेळी व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका कमी आढळला, तर कामावर अधिक अंगमेहनत करणाऱ्यांना तो जास्त आढळला. यात गरिबी, तंबाखू आणि इतर हालअपेष्टांचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तरी एक गोष्ट समजण्यासारखी आहे. व्यायामात हृदयाला थोडा वेळ चांगला ताण मिळतो आणि मग पुरेशी विश्रांती मिळते. मजुरीच्या कामात आठ-आठ तास वाकून, उचलून, उन्हात, मनाप्रमाणे न थांबता काम करावे लागते. नाडी दिवसभर चढलेली राहते आणि शरीर सावरायला वेळ मिळत नाही.

हे तत्त्व आपल्याला बैलांच्या बाबतीत चांगले ठाऊक आहे. ऊन चढले की आपण औत सोडतो. संशोधक बैलांचा थकवा पाहताना नाडी, श्वास, अंगाचे तापमान, तोंडाचा फेस आणि पाय अडखळणे यांची नोंद घेतात. बैलाला जी विश्रांती आपण देतो, ती स्वतःला आणि मजुराला देत नाही.

भगिनींसाठी दोन शब्द

भारतीय स्त्रियांच्या कामाचे वजन ठरवण्यासाठी नाडीवर आधारित एक वर्गवारी १९९४ पासून वापरात आहे. मिनिटाला ९० पर्यंत ठोके म्हणजे अतिशय हलके काम, ९१ ते १०५ हलके, १०६ ते १२० मध्यम जड, १२१ ते १३५ जड आणि त्यापुढे फार जड. पुढच्या वेळी खुरपणी करताना, डोक्यावरून चाऱ्याचा भारा आणल्यावर किंवा पाण्याची दुसरी खेप झाल्यावर नाडी मोजून पाहा. 'बायकांचे काम हलके' असे म्हणणाऱ्या घरातील पुरुषांनी ती मोजावी हे अधिक बरे.

ज्या भगिनीची नाडी दिवसाचे अनेक तास १२० च्या वर राहते, तिला आधी विश्रांती आणि सुधारित अवजारे हवीत. लांब दांड्याचे खुरपे, सायकल कोळपे, दातेरी विळा यांनी वाकणे आणि ताण कमी होतो. ही अवजारे घेताना ती हृदयाच्या आरोग्यासाठीही आहेत हे लक्षात ठेवावे.

नियमित व्यायामाने होणारा बदल

काही आठवडे नियमित चालल्यावर हृदयाचा एकेक ठोका दमदार होतो. तेवढेच रक्त पोचवायला कमी ठोके पुरतात. बसल्या वेळची नाडी ८० वरून ७० वर आली, तर दिवसाला १४,४०० ठोके वाचतात. रक्तवाहिन्या अधिक लवचिक होतात. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत वरचा दाब सरासरी ५ ते ८ अंकांनी उतरतो. हा लाभ एखाद्या गोळीच्या परिणामाच्या जवळपास जातो. पण व्यायाम थांबवला की तो काही आठवड्यांत ओसरतो.

हा आकडा नीट ध्यानात घ्या. ज्याचा दाब १४२ आहे त्याला व्यायाम आणि कमी मीठ एवढ्यानेच पुरेसा गुण येण्याची शक्यता आहे. ज्याचा १७० आहे त्याचा व्यायामाने १६२ होईल. तो अद्याप धोक्यातच आहे. त्याला गोळीही लागणार आणि चालणेही लागणार.

माझ्या थोरल्या बंधूंचा दाब पन्नाशीत १७० च्या वर निघाला. गोळ्या सुरू केल्या. दोन वर्षे घेतल्या. मग काही दुखत नाही म्हणून त्यांनी त्या मला न सांगता सोडल्या. "मी रोज घाम गाळतो, तोच माझा व्यायाम," असे ते वहिनींना म्हणाले. त्या दिवाळीला मी घरी गेलो होतो. रक्तदाबाचे यंत्र माझ्या पिशवीतच होते. सणाच्या दिवशी घरात दवाखाना कशाला, म्हणून मी ते बाहेर काढले नाही. पुढच्या वर्षी सोयाबीनच्या सुगीत ट्रॉलीत पोती भरताना त्यांचे तोंड वाकडे झाले आणि उजवा हात खाली पडला. पक्षाघात झाला होता. जीव वाचला, बोलणे परत आले. पण उजव्या मुठीत विळा आजही धरवत नाही. आता ते रोज सकाळी वहिनींबरोबर बांधावरून अर्धा तास चालतात आणि गोळी चुकवत नाहीत. हीच दोन कामे आधी झाली असती तर तो हात बहुधा वाचला असता. त्यात त्यांच्याइतकीच माझीही चूक आहे. म्हणून जेथे बोलावतील तेथे जाऊन मी हे सांगतो.

व्यायाम कसा करावा?

१) आधी मोजावे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात रक्तदाब तपासून घ्यावा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी घेऊ नये, जड काम करू नये. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे. दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि मोजताना बोलू नये. दाब १८० वर ११० किंवा त्याहून अधिक असेल तर प्रथम डॉक्टरांना दाखवावे, व्यायाम मागाहून.

२) नाडी पाहण्यास शिकावे. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटे ठेवावीत. तीस सेकंदांतील ठोके मोजून दुप्पट करावेत. २२० मधून वय वजा केले की साधारण कमाल नाडी मिळते. पन्नास वर्षांच्या माणसाची ती १७० होते. तिच्या ५० ते ७० टक्के, म्हणजे ८५ ते १२० च्या दरम्यान चालताना नाडी राहावी. हा अंदाज आहे, तंतोतंत माप नव्हे.

३) हिशेब नको असेल तर बोलून पाहावे. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत वेग योग्य. एक वाक्यही पुरे होत नसेल तर वेग कमी करावा. अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी औषधामुळेच वाढत नाही. त्यांनी नाडीवर विसंबू नये, बोलण्याचीच कसोटी लावावी.

४) आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस आहे. म्हणजे अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. शेत दोन किलोमीटरवर असेल तर मोटारसायकल घरी ठेवावी. जाऊन-येऊन तेवढे चालणे सहज होते. ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी आणि दुकान सांभाळणाऱ्यांनी हे अवश्य करावे.

५) सुरुवात आणि शेवट हळू करावा. पहिली पाच मिनिटे सावकाश चालावे. जोराचे चालणे किंवा धावणे झाल्यावर एकदम उभे राहू नये. रक्त पायांत साठून चक्कर येते. पाच मिनिटे रमतगमत चालून मग बसावे.

६) उन्हात सावध राहावे. उन्हात अंग थंड ठेवण्यासाठी रक्त कातडीकडेही वळते आणि घामाने पाणी कमी होते. तेवढ्याच कामाला नाडी अधिक पळते. मे महिन्यात जड काम सकाळी दहाच्या आत उरकावे, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

७) ओझे उचलताना दम कोंडू नये. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, श्वास सोडत उचलावे. ५० किलोचे पोते दोघांनी धरावे. रक्तदाबाच्या रुग्णाने हमालीचा हट्ट धरू नये.

८) मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचा. लोणचे, पापड, खारवलेले पदार्थ यांतील मीठही यातच धरावे. तंबाखू आणि बिडी सोडावी. तंबाखूने नाडी आणि दाब दोन्ही वाढतात, मग व्यायामाची मेहनत वाया जाते.

९) गोळी स्वतःहून बंद करू नये. दाब ठीक आला म्हणजे गोळी काम करीत आहे असा अर्थ होतो. मात्रा कमी करावयाची ती डॉक्टरांनी.

काम करताना किंवा चालताना छातीत आवळल्यासारखे दुखले, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात गेले, थंड घाम सुटला, तर ताबडतोब थांबावे. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजावा. दोन्ही वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. 'थोडा वेळ पडू द्या, बरे वाटेल' असे म्हणून वेळ घालवू नये. अशा वेळी मिनिटामिनिटाला महत्त्व असते.

बंधू-भगिनींनो, आपण मातीची तपासणी करून खत देतो, मोटारीला ऑइल देतो, बैलाला पोळ्याला न्हाऊ घालून एक दिवस पूर्ण विश्रांती देतो. स्वतःच्या हृदयासाठी दिवसातला अर्धा तास आणि महिन्यातून एकदा दंडाला पट्टा, एवढेच मागणे आहे. या मंडपाच्या उजव्या हाताला आरोग्य विभागाच्या टेबलावर रक्तदाबाचे यंत्र ठेवलेले आहे. बियाण्यांच्या दालनाकडे जाण्यापूर्वी आपण सर्वांनी तेथे पाच मिनिटे बसून जावे. घरी यंत्र घेऊन येणारा भाऊ किंवा मुलगा असेल, तर सण असो वा सुगी, त्याला ते पिशवीबाहेर काढायला लावावे.

 जय जवान, जय किसान.